एवढं ठिवा की, मावशी

आमचं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान ठाण्यात नौपाड्यात आहे, सासऱ्यांनी टाकलेलं, ते गेल्यापासून मी बघते. काउंटरला खाली तीन ड्रॉवर आहेत. वरच्यात गल्ला, मधल्यात पिना, सेलोटेप, शिक्क्याचे पॅड असलं सगळं, आणि सगळ्यात खालचा जो आहे तो पावसाळ्यात फुगतो, गुडघ्याने दाबून मग ओढावा लागतो, म्हणून आम्ही त्यात कधी काही ठेवायचोच नाही. गेली दोन वर्षं तो ड्रॉवर माझा नाहीये. त्यात काय काय आहे ते सांगायचं म्हणून आज लिहायला बसले.

सुरुवात एका चाररेघी वहीने झाली. २०२२ चा जून, संध्याकाळचे साडेआठ वगैरे, पाऊस असा की समोरचं मेडिकल दिसेना, आणि पायरीवर एक मुलगी येऊन उभी राहिली, दहा-अकराची असेल, हातातल्या तारेच्या कडीला पाच-सहा गजरे उरलेले. चेहरा ओळखीचा होता. तीन हात नाक्याच्या सिग्नलला गजरे विकणाऱ्या पोरांतली ती, पाऊस आला की आमच्या पत्र्याखाली थांबायची, पण आत कधी आली नव्हती. त्या दिवशी म्हणाली, चाररेघी वही द्या. मी दिली. तिने ओल्या मुठीतून नाणी काढली, काउंटरवर एकेक करून रांगेत लावली, परत एकदा मोजली, आणि मग म्हणाली, "बिल द्या."

एका वहीचं बिल माझ्याकडे आजवर कुठल्या लहान मुलाने मागितलेलं नाही. मी म्हणलं, बिल कशाला गं तुला?

"कुटनं आणली म्हणत्यात. चिठी असली की दावता येती."

दुकानात बावीस वर्षं बसतेय मी, पण हे वाक्य ऐकून माझा हात थांबला. आपल्या घरातलं पोर नवी वही घेऊन रस्त्याने चाललं तर ती वही त्याचीच असते, कोणी विचारतही नाही. हिची वही हिची आहे हे कागदावर असावं लागतं. मी बिलबुक काढलं, नीट कार्बन घालून बिल केलं, नाव विचारून वर नाव लिहिलं, शिक्का मारला. तिने ते घडी घालून वहीत ठेवलं आणि वही परत माझ्याकडे सरकवली. "एवढं ठिवा की, मावशी. भिजंल."

मला वाटलं पाऊस थांबेपर्यंत. पाऊस थांबला, ती गेली, वही तिथेच. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला आली, वही घेतली, पायरीवर बसून अर्धा तास काहीतरी लिहिलं, आणि परत काउंटरवर आणून ठेवली. तिसऱ्या दिवशीपण तेच. आठवडाभरात मला कळलं की हिने वही विकत घेतली ती मुळात इथे ठेवायला म्हणूनच, कारण ती ठेवेल असं ठिकाण तिच्याकडे दुसरं नाहीये. मग मी खालचा ड्रॉवर रिकामा केला.

(तिचं नाव इथे लिहीत नाहीये. तिचा धाकटा भाऊ आहे, त्याचंही नाही. ती मोठी, तो धाकटा, एवढं पुरे.)

आपण म्हणतो ना, रस्त्यावरची पोरं, दिवसभर उंडारतात, काही धरबंध नाही. मी पण म्हणायचे. पण दोन वर्षं त्यांचं येणं-जाणं बघितल्यावर सांगते, माझ्या घरातल्या कोणाचाही दिवस इतका आखलेला नाहीये. ते झोपतात स्टेशनच्या अलीकडे एका शोरूमच्या पायऱ्यांवर. तिथला झाडूवाला सहाला येतो, त्याच्या आधी अंथरुण उचलून बोचकं बांधून झालेलं पाहिजे, नाहीतर तो पाणी मारतो, मुद्दाम नाही मारत, त्याचं कामच आहे ते. आजी पहाटे पहिल्या गाडीने दादरला फुलं आणायला गेलेली असते. आईने तोवर चहाच्या टपरीवरून पाण्याचे दोन कॅन आणलेले असतात, त्या बदल्यात मोठी तिथले ग्लास विसळते, हा सौदा ठरलेला आहे. पाणी प्यायला आणि तोंड धुवायला तेवढंच. अंघोळ चार दिवसांनी, बायका लुगडं धरून उभ्या राहतात आणि मध्ये मुली पटापट उरकतात. संडासला पैसे पडतात, घरातल्या पाच माणसांचे दिवसातून दोनदा म्हणलं तर तो एका गजऱ्याच्या विक्रीचा प्रश्न नाही, चार-पाच गजऱ्यांचा आहे, म्हणून मोठी दिवसभर पाणीच कमी पिते. हे तिने मला असंच सहज सांगितलं, मी तिला पाण्याची बाटली पुढे केली तेव्हा. "आता नगं, मंग जावं लागतं." मे महिना होता.

साडेआठ-नऊपर्यंत आजी फुलं घेऊन येते आणि मग सगळे मिळून गुंफायला बसतात. मोगरा ओल्या फडक्यात, दोरा दातात धरलेला, बोटं एवढी चालतात की बघत राहावं. धाकट्याचं काम कळ्या निवडायचं, उमललेल्या एकीकडे, मिटलेल्या एकीकडे, कारण मिटलेली रात्रीपर्यंत टिकते. सकाळी ऑफिसच्या वेळेला एक फेरी, भवानी झाली की बरं वाटतं. बारा ते चार सिग्नल मेलेला असतो, उन्हात काच कोणी खाली घेत नाही, तेव्हा झोप. आणि खरा धंदा संध्याकाळी साडेपाच ते साडेनऊ. मेट्रोच्या कामाने नाक्यावर पत्रे लागलेत, गाड्या अडकून पडतात, आपण वैतागतो, पण मोठी म्हणाली गर्दी वाढली की गजरे जास्त जातात. तिला कुठल्या गाडीपाशी जायचं ते पक्कं माहीत आहे. बाईकवाला घेत नाही. रिक्षात बाई एकटी असली तर घेते, नवऱ्याबरोबर असली तर नवऱ्याकडे बघते. चारचाकीची काच दोन बोटं खाली आली की अर्धं काम झालं. काचेवर टकटक करायची नाही, शिव्या पडतात. सिग्नल हिरवा व्हायला दहा सेकंद उरले की कडेला यायचं, पैसे हातात आले नसले तरी यायचं. हा शेवटचा नियम आजीचा आहे, आणि आजीने तो का केला ते मी विचारलं नाही, त्यांच्यातल्या एका पोराच्या पायाकडे बघून मला ते समजलं होतं.

धाकट्याची एक गंमत, म्हणजे गंमत म्हणवत नाही पण सांगते. त्याला मी एकदा विचारलं, आकडे येतात का रे? हो म्हणाला. म्हण बरं. तर त्याने सुरुवात केली नव्वदपासून. नव्वद, एकोणनव्वद, अठ्ठ्याऐंशी, असा न अडखळता एकपर्यंत खाली आला आणि थांबला. मी म्हणलं आता एकपासून पुढे म्हण, तर दोन-तीन-चार करत बारा-तेरापाशी अडकला. आधी मला कळेचना. मग लक्षात आलं, तो आकडे सिग्नलच्या घड्याळावर शिकलाय, आणि ते घड्याळ उलटंच चालतं.

आता माझ्या डोक्यात जे बसलंय ते सांगते. त्यांचा हा सगळा दिवस, सगळा धंदा, एकाच गोष्टीने ठरतो असं मला आता वाटायला लागलंय, आणि ती म्हणजे रात्री वस्तू ठेवायला जागा नसणं. गजरे का विकतात? कारण गजरा रात्री संपतो. उरला तर दहाला दोन करून टाकायचा, नाहीतर सुकून जातो, पण सांभाळायला लागत नाही. गाडी पुसायची फडकी, मोबाईलचे स्टँड, काचेला लावायचे काळे पडदे, पंधरा ऑगस्टचे झेंडे, नाताळच्या लाल टोप्या हे विकणारी पोरं आहेत, त्यात पैसे जास्त सुटतात, पण तो माल त्यांचा नसतोच. तो शेठचा. सकाळी मोजून घ्यायचा, रात्री मोजून परत, कमी भरला तर अंगावर. स्वतःचा माल घेऊन स्वतः विकायचा म्हणलं तर तो रात्री ठेवणार कुठे? उशाला घेऊन किती ठेवणार? माझं सगळं दुकान या एका सोयीवर उभं आहे की रात्री शटर ओढलं की माल सकाळी तिथेच असतो. ही सोय आहे हेच मला माहीत नव्हतं.

तर ड्रॉवर भरत गेला. वहीनंतर पेन्सिल, मग एक कंपास, झाकण मोडलेली. मग एक दिवस मोठी धाकट्याला घेऊन आली, त्याच्याकडे चाव्या देऊन चालणारा बेडूक होता, कोणीतरी गाडीतून दिलेला, तो ठेवला. आईने एका प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्डाची झेरॉक्स, धाकट्याचं लसीचं कार्ड आणि सासऱ्याच्या छातीचा एक्सरे दिला, सासरा जाऊन तीन वर्षं झालीत, पण एक्सरे टाकवत नाही म्हणाली. नवीन चपला, ज्या फक्त गावाला जाताना घालायच्या. आणि बिलं. प्रत्येक वस्तूचं बिल, अगदी दुसऱ्या दुकानातून घेतलेल्या हेअरबँडचंसुद्धा, तिथल्या माणसाने साध्या कागदावर लिहून दिलेलं. आमचे हे आधी म्हणाले होते, अगं कुठला चोरीचा माल ठेवून घेशील, आपल्यावर यायचं. मी त्यांना ती बिलांची चळत दाखवली. नंतर ते काही बोलले नाहीत, उलट एका रविवारी ड्रॉवरला कुलपाची कडी बसवून दिली.

बिलाचं मूळ मला आजीकडे बघून उमगलं. आजी कधीही दुकानाची पायरी चढत नाही. रस्त्यावर उभी राहते, दोन्ही हात पदराच्या बाहेर, दिसतील असे. मी दहादा म्हणलं वर या, पंखा आहे, बसा. नाही. हे लोक पारधी, लातूरकडचे, आपसात जे बोलतात ते कानाला थोडं गुजरातीसारखं वाटतं. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा केला, अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, पुढे त्या यादीत पारधीही आले, हजेरी लावायची, गाव सोडायचं तर परवानगी काढायची. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कायदा गेला आणि ते विमुक्त झाले. कागदावर. आजीचा जन्म त्यानंतरचाच असणार, तरी तिचे हात बाहेर आहेत. आणि तिची नात वहीचं बिल मागते. ७० वर्षं झाली तरी ही गोष्ट आईकडून मुलीकडे, मुलीकडून नातीकडे अशी चालत आली, आणि कोणी कोणाला बसवून शिकवलीही नसेल.

आता माझ्या हातून झालेलं सांगते, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

वही आली त्याच वर्षी, २०२२ च्या जुलैपासून मोठीने ड्रॉवरमध्ये पैसे ठेवायला सुरुवात केली होती, खडूच्या रिकाम्या डब्यात. आईने सांगितलं होतं. रोजचे दहा-वीस बाजूला टाकत टाकत गौरी-गणपतीपर्यंत जमवायचे, कारण गौरीच्या दिवसांत फुलांचा भाव आभाळाला भिडतो, पण गजरे आणि वेण्यासुद्धा तेवढ्याच खपतात, वर्षातले सगळ्यात मोठे दोन दिवस ते. उधारीवर फुलं घेतली तर फुलवाला आपला हिस्सा कापतो. रोख असले तर सगळं आपलं. असे सव्वासहाशे रुपये जमले होते, मीच डब्यावर चिकटपट्टी लावून आकडा लिहून ठेवायचे. आणि गणपतीच्या आदल्या दिवशी आम्ही शटर लावून कोकणात गावी गेलो. दरवर्षी जातो, सहा-सात दिवस. मला आठवलंच नाही. त्या गडबडीत, नैवेद्याची भांडी, गाडीची तिकिटं, सासूबाईंच्या गोळ्या, सगळं आठवलं, खालचा ड्रॉवर आठवला नाही.

परत आले तर शेजारच्या टेलरकाकांनी सांगितलं, ती मुलगी चार दिवस रोज पहाटे येऊन शटरपाशी उभी राहायची. पहिल्या दिवशी तिने त्यांना विचारलं, मावशी कधी येणार. नंतर विचारलंही नाही, नुसती उभी राहायची, उजाडलं की निघून जायची. त्यांनी तिला विचारलं काय काम आहे, तर काही नाही म्हणाली. पैसे आहेत हे तिने त्यांना सांगितलं नाही. मला वाटतं तिने ते यासाठी सांगितलं नाही की आतमध्ये तिचे पैसे आहेत हे तिच्या तोंडून कोणाला खरं वाटलं नसतं.

मी तशीच नाक्यावर गेले. ती धावत आली, हसली, म्हणाली, "गाव गाठलं का नीट?" मी पैशांचं बोलायला लागले तर म्हणे, "तुमी गावाला गेल्ता. मंग काय." एवढंच. आजीने उधारीवर अर्धीच फुलं आणली होती. मी त्यांना जास्तीचे पैसे द्यायचा प्रयत्न केला, मोठीने डब्यावरचा आकडा बघितला, तेवढेच मोजून घेतले, बाकीचे सरकवले. त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी दुकानाची आणि ड्रॉवरची जादा किल्ली करून टेलरकाकांकडे ठेवली, मोठीला त्यांच्यासमोर उभं करून सांगितलं की हिला कधीही काही लागलं तर उघडून द्यायचं. काकांनी मान हलवली. ते आजपर्यंत पाळतात, आणि त्यांना स्वतःहून कोणी काही सांगितलेलं आवडत नाही, तरी पाळतात.

तीन हात नाक्याच्या पुलाखालची सिग्नल शाळा ठाण्यात आता सगळ्यांना माहीत आहे. समर्थ भारत व्यासपीठ या संस्थेने आणि ठाणे महापालिकेने २०१६ च्या जूनमध्ये ती सुरू केली, मालवाहू कंटेनरमध्ये वर्ग, आणि २०१८ ला तिथली पहिली दोन मुलं दहावी पास झाली तेव्हा पेपरात आलं होतं. मला त्यातलं सगळ्यात जे पटतं ते म्हणजे शाळाच उठून मुलांपाशी गेली, मुलांना म्हणाली नाही की तुम्ही आधी घर शोधा मग या. मोठीला ए बी सी डी तिथे जाणाऱ्या एका मैत्रिणीनेच शिकवली, गाड्या थांबलेल्या नसायच्या त्या वेळात, दुभाजकावर बसून. चाररेघी वही त्यासाठीच हवी होती. पण आमच्या या दोघांचं कुटुंब एका जागी राहत नाही. झोपायच्या पायरीवरून हाकललं की आजी उठते आणि ट्रान्स हार्बरच्या लोकलने सगळ्यांना घेऊन नवी मुंबईत जाते, कधी सानपाडा, कधी तुर्भे, महिना-दोन महिने तिकडे पुलाखाली, मग परत ठाणे. त्यांना जवळच्या एका शाळेत घालायचं मी २०२३ मध्ये मनावर घेतलं. तिथे पहिला प्रश्न जन्मदाखला. दुसरा प्रश्न पत्ता.

धाकट्याचं वय आजीला असं माहीत आहे, "लातूरला पान्याची रेल्वे आली तवा ह्यो पोटात हुता." मिरजेहून पाण्याची ती पहिली गाडी एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पोचली, दहा डब्यांत पाच लाख लिटर पाणी, मी टीव्हीवर बघितलं होतं आणि नळ बंद करायला उठले होते, एवढाच त्या दुष्काळाशी माझा संबंध. यांचा संबंध असा की त्यांनी गाव सोडलं. म्हणजे २०२३ ला तो सहा-सात वर्षांचा. एवढं स्पष्ट आहे, पण दाखला नाही. मी दोन दिवस घेतले, आणि शिक्षणहक्क कायद्याची प्रत काढली, २००९ चा तो, दुकान झेरॉक्सचंच आहे, कलम १४ वर पिवळा मार्कर मारला. वयाचा पुरावा नाही म्हणून कुठल्याही मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही, साध्या शब्दांत लिहिलंय. आणि कलम ४, मोठीसारख्या मुलीला वयाप्रमाणे वर्गात बसवायचं. ते घेऊन परत गेले. या वेळी दुसऱ्या बाई होत्या, त्यांनी वाचलं, म्हणाल्या बसवा त्यांना. तेवढ्यावर झालं. ड्रॉवरमध्ये दोन गणवेश आले, आणि सकाळी पावणेसातला टेलरकाकांच्या पडद्याआड कपडे बदलून दोघं शाळेत जायला लागले, साडेबाराला येऊन परत कपडे बदलायचे. गणवेशात सिग्नलला जायचं नाही हे मोठीने स्वतः ठरवलं.

शाळा सुरू होऊन दोनच महिने झाले असतील, एका सकाळी पालिकेची गाडी आली आणि पायऱ्यांवरची बोचकी उचलून घेऊन गेली. आजी दादरला, आई पाण्याला, मुलं शाळेत. ताडपत्री, दोन पातेली, गोधड्या, धाकट्याच्या खोकल्याचं औषध, गुंफायचा दोरा, सगळं. भर पाऊस. दुपारी मोठी शाळेतून थेट दुकानात आली, काही बोलली नाही, ड्रॉवर ओढला, आतल्या वस्तू एकेक करून बाहेर काढल्या, काउंटरवर मांडल्या, बघितल्या, परत आत ठेवल्या. दोनदा. मग तिथेच खाली बसून राहिली, हात ड्रॉवरवर. गिऱ्हाईक आलं तर मी त्यांना बाजूने उभं राहा म्हणलं.

फूटपाथवर राहणाऱ्यांचा खटला सुप्रीम कोर्टात गेला होता, ओल्गा टेलिस खटला म्हणतात, निकाल १९८५ चा. मुंबईत १९८१ च्या पावसाळ्यात लोकांना उठवून बसमध्ये घालून बाहेर पाठवायचं ठरलं त्यातून उभा राहिलेला. माझ्या एका वकील गिऱ्हाइकाने मला तो समजावला, त्याच्या फाईली आमच्याकडेच बाइंडिंगला येतात. कोर्टाने मान्य केलं की ही माणसं हौसेने तिथे राहत नाहीत, काम जिथे आहे त्याच्या जवळ राहतात, आणि पोट भरायचा हक्क हा जगायच्या हक्काचाच भाग आहे. पण त्याच निकालात हेही आहे की फूटपाथ अडवायचा हक्क कोणाला नाही, आधी सूचना देऊन उठवता येतं. मी ऐकलं आणि विचारलं, सूचना कुठल्या पत्त्यावर देणार? तो म्हणाला, वहिनी, तेच तर.

आणि एक भीती त्यांच्यात कायम असते, ती म्हणजे पोरं उचलून नेतील. भीक मागण्याविरुद्धचा १९५९ चा कायदा महाराष्ट्रात आहे, ही पोरं भीक मागत नाहीत, विकतात, पण गाडीतून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. कायद्याने असं आहे की काळजी-संरक्षणाची गरज असलेलं मूल मिळालं की प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यायचं, आणि ते खरंच एकट्या पडलेल्या मुलांसाठी गरजेचंही आहे. स्टेशनवर अशी मुलं येतात, कुठल्या तरी लांबच्या गाडीतून उतरलेली, बरोबर कोणी नाही, थोड्या दिवसांत त्यांच्या हातात नशेच्या सोल्युशनचा बोळा दिसायला लागतो, नाकाला लावलेला. असा एक मुलगा मागच्या थंडीत आमच्या पायरीवर रात्री रडत बसला होता, आठ-नऊ वर्षांचा, मी १०९८ ला फोन लावला, मुलांसाठीचा तो नंबर, १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झालेला, लोक आले आणि घेऊन गेले त्याला, नीट बोलत होते त्याच्याशी. मोठी लांब उभी राहून बघत होती. दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, "आमाला पन बलवनार का तुमी त्येनला?" मी म्हणलं तुझी आई आहे, आजी आहे, कशाला बोलवीन. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. त्यानंतर आठवडाभर ती आली नाही, वहीसुद्धा न्यायला नाही. मग एक दिवस आपणहून आली. एकट्या मुलाची आणि आईजवळच्या मुलाची गरज वेगळी असते हे मोठ्या माणसांना कळायला एवढा वेळ लागतो, तिला तर भीतीच वाटणार.

रात्री ती कशी झोपते ते आईने सांगितलं. मुली मध्ये, म्हाताऱ्या कडेला, आईच्या पदराचं टोक मोठीच्या मनगटाला बांधलेलं, कोणी ओढलं तर जाग यावी. एक जण जागं. दोनला पाळी बदलते. मोठी आता तेरा वर्षांची होईल, आईला दिवसाची नाही, रात्रीची काळजी आहे. यावर माझ्याकडे ड्रॉवर नाहीये.

पत्त्याचं राहिलंच. शाळेच्या पटावर नाव पक्कं व्हायला आधार कार्ड लागतं असं सांगितलं, आणि आधारला पत्ता. खूप हेलपाटे झाले, ते सगळं लिहीत नाही. शेवटी लोकप्रतिनिधींकडून ठरलेल्या नमुन्यात दाखला मिळाला आणि पत्त्याच्या रकान्यात आमच्या दुकानाचा पत्ता गेला, 'द्वारा' म्हणून माझं नाव. फॉर्म भरताना मोठीने तो पत्ता स्वतःच्या वहीत उतरवून घेतला, दुकान नंबर, रस्ता, नौपाडा, ठाणे पश्चिम, ४००६०२. मग खाली परत एकदा लिहिला. मग मागच्या पानावर परत.

मे महिन्यात ते सगळे गावाला यात्रेला गेले. जाताना तिने गावाच्या चपला घालून घेतल्या, बेडूक धाकट्याने नेला नाही, म्हणाला तिकडं हरवंल. पाऊस पडायच्या आत येतो म्हणाले होते. पाऊस या वेळी आधीच आला, ड्रॉवर परत फुगलाय, काल तो उघडायला टेलरकाकांना बोलवावं लागलं.

आणि आज अकराला पोस्टमन आला, स्पीड पोस्ट घेऊन. आमचा नेहमीचा माणूस, सगळ्यांना नावानिशी ओळखतो. पाकीट उलटसुलट केलं, चष्मा वर करून नाव वाचलं आणि मला विचारलं, "ही कोण हो वहिनी? तुमच्याकडे असते का?"

हो म्हणलं. सही कुठे करू सांगा.